विश्लेषण : नातवाला मोफत मिळणारी लस आजोबांना कोणी विचारतही का नाही?

सत्तरीतले गृहस्थ, मधुमेह पंधरा वर्षांचा. चार दिवस सर्दी-खोकला अंगावर काढलेला. मग एका रात्रीत ताप चढतो, धाप लागते आणि घरचे त्यांना रुग्णालयात आणतात. एक्स-रेमध्ये न्युमोनिया दिसतो. आठवडाभर सलाईन, ऑक्सिजन आणि प्रतिजैविकांवर काढल्यानंतर ते घरी जातात. डिस्चार्ज कार्डवर गोळ्या, पथ्य आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. लशीचा उल्लेख मात्र क्वचितच असतो. न्युमोनियाचे एक प्रमुख कारण असलेल्या न्युमोकोकस या जिवाणूविरुद्धची लस देशातील प्रत्येक बाळाला सरकारी केंद्रात मोफत मिळते. तोच जिवाणू ज्यांना रुग्णालयात पोहोचवतो, त्या प्रौढांना मात्र ती स्वतः शोधावी लागते आणि विकत घ्यावी लागते. असे का, आणि यातून मार्ग काय, याचा हा आढावा.

न्युमोकोकस म्हणजे नेमके काय?

स्ट्रेप्टोकोकस न्युमोनिए हे या जिवाणूचे पूर्ण नाव. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. तो मुळात आपल्या नाकात आणि घशात राहतो. लहान मुलांमध्ये तर बऱ्याचदा काहीही त्रास न देता मुक्काम ठोकून असतो. खोकला, शिंक आणि जवळचा सहवास यांतून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणूनच बालवाडीतून आलेला नातू आणि त्याला मांडीवर घेणारे आजी-आजोबा ही त्याच्या प्रवासाची नेहमीची वाट आहे.

या जिवाणूभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचे एक जाड आवरण असते. हेच त्याचे चिलखत. या आवरणामुळे शरीरातील पांढऱ्या पेशींना तो सहज गिळता येत नाही. आवरणाच्या रचनेनुसार त्याचे शंभरहून अधिक उपप्रकार आहेत. त्यांना सेरोटाइप म्हणतात. गंभीर आजार करणारे उपप्रकार त्यामानाने मोजके आहेत. लस याच आवरणाची ओळख शरीराला करून देते. लशींच्या नावापुढे १३, २० किंवा २३ असा आकडा असतो, तो त्या लशीत किती उपप्रकारांचा समावेश आहे हे सांगतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तो रुग्णालयापर्यंत कसा नेतो? धोका कोणाला?

नाकातला जिवाणू फुफ्फुसात उतरला की न्युमोनिया होतो. फुफ्फुसातील हवेच्या पिशव्यांत द्रव आणि पू साठतो, रक्ताला प्राणवायू कमी पडू लागतो. थंडी वाजून ताप, खोकला, श्वास घेताना छातीत टोचल्यासारखे दुखणे, धाप ही नेहमीची लक्षणे. वयस्कर रुग्णांत मात्र चित्र वेगळे असू शकते. ताप फारसा नसतो, पण माणूस अचानक गोंधळल्यासारखे बोलू लागतो, जेवण सोडतो, उठता-बसता पडतो. ‘वयामुळे असेल’ म्हणून घरात दोन दिवस जातात आणि तेच महागात पडतात.

काही रुग्णांत जिवाणू फुफ्फुसावर थांबत नाही. तो रक्तात शिरतो किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्राच्या म्हणजे सीडीसीच्या माहितीनुसार न्युमोकोकल न्युमोनिया झालेल्या साधारण २० जणांपैकी एकाचा मृत्यू होतो. रक्तात संसर्ग पोहोचलेल्या प्रौढांत हे प्रमाण आठात एक इतके वाढते. एकट्या अमेरिकेत या न्युमोनियामुळे वर्षाला अंदाजे दीड लाख लोक रुग्णालयात दाखल होतात.

सर्वाधिक धोका दोन टोकांना असतो, दोन वर्षांखालील बाळे आणि वयस्कर माणसे. मधल्या वयातही काही आजार माणसाला त्याच रांगेत आणून बसवतात. मधुमेह, दमा किंवा सीओपीडीसारखे फुफ्फुसांचे जुने विकार, हृदयविकार, यकृताचे विकार, मूत्रपिंड निकामी होणे, कर्करोगावरील उपचार, एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण, प्लीहा काढून टाकलेली असणे, शिवाय धूम्रपान आणि अतिमद्यपान. यादी वाचताना लक्षात येते की यातले किमान एक तरी कारण बहुतेक घरांत आहे.

फ्लू आणि न्युमोकोकस यांची जोडगोळी वेगळीच घातक आहे. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचे अस्तर खरवडतो आणि जिवाणूला आत शिरायला वाट मोकळी होते. १९१८ च्या साथीतील मृतांच्या जतन केलेल्या फुफ्फुसांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले की बहुतेक मृत्यू फ्लूनंतर झालेल्या जिवाणूजन्य न्युमोनियाने झाले होते.

आजार बरा झाला की विषय संपतो का?

नाही. याकडे सर्वात कमी लक्ष जाते. न्युमोनिया हा फक्त फुफ्फुसांचा आजार राहत नाही. शरीरभर दाह होतो, प्राणवायू कमी पडतो, हृदयाला जास्त काम करावे लागते. अमेरिकेत ह्यूस्टन येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील १७० न्युमोकोकल न्युमोनियाच्या रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ३३ जणांना, म्हणजे जवळपास पाचात एकाला, त्याच काळात हृदयाशी संबंधित गंभीर त्रास झाला. कोणाला हृदयविकाराचा झटका आला, कोणाच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले, कोणाचे हृदय कमकुवत पडले.

त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतूनही हेच दिसले की न्युमोनियासाठी दाखल झालेल्या वयस्कर माणसांत घरी गेल्यानंतरही काही काळ हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला राहतो. घरातले लोक हे वेगळ्या शब्दांत सांगतात, ‘त्या आजारपणानंतर बाबा पहिल्यासारखे राहिलेच नाहीत.’ रुग्णालयाच्या बिलात हा खर्च दिसत नाही. बाहेर फिरणे थांबते, आधाराशिवाय चालता येत नाही, घरातल्या कोणाला तरी नोकरीत रजा काढावी लागते.

प्रतिजैविके असताना लस कशाला?

हा प्रश्न जुना आहे. पेनिसिलीन आल्यानंतर न्युमोकोकसचा निकाल लागला असेच अनेकांना वाटले. १९४०च्या दशकात तयार झालेल्या सुरुवातीच्या लशी मागणी नसल्याने बाजारातून उठल्या. मात्र रॉबर्ट ऑस्ट्रियन या अमेरिकी डॉक्टरला हे पटत नव्हते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील रुग्णालयात त्यांनी दहा वर्षे नोंदी ठेवल्या आणि १९६४ मध्ये आपले सहकारी जेरोम गोल्ड यांच्यासह त्या प्रसिद्ध केल्या. रक्तात संसर्ग पोहोचलेल्या रुग्णांपैकी जे पहिल्या पाच दिवसांत दगावतात, त्यांच्या मृत्यूत पेनिसिलीनने फारसा फरक पडत नाही, असे त्यातून दिसले. औषध जिवाणू मारत होते, पण तोवर शरीराचे नुकसान होऊन गेलेले असे. म्हणजे अशा रुग्णांना वाचवायचे तर आजार होण्याआधीच काहीतरी करायला हवे.

ऑस्ट्रियन यांनी पुढे दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींतील कामगारांवर लशीच्या चाचण्या केल्या. दाटीवाटीच्या वसाहतींत राहणाऱ्या या कामगारांत न्युमोनिया भयंकर होता. त्यातून १४ उपप्रकारांची लस १९७७ मध्ये आणि २३ उपप्रकारांची लस १९८३ मध्ये अमेरिकेत आली.

आता या युक्तिवादात आणखी एका मुद्द्याची भर पडली आहे. न्युमोकोकस अनेक प्रतिजैविकांना दाद देईनासा झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची जी प्राधान्य यादी जाहीर केली, तीत मॅक्रोलाइड गटातील औषधांना प्रतिकार करणारा न्युमोकोकस आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन याच गटातले. आपल्याकडे सर्दी-खोकल्यावर तीन दिवसांचा कोर्स म्हणून सर्रास घेतली जाणारी हीच ती गोळी. जो आजार होतच नाही, त्याला प्रतिजैविक लागत नाही. त्यामुळे औषध-प्रतिकार रोखण्यातही लशीचा वाटा असतो.

मग आकड्यांत हा आजार दिसत का नाही?

कारण तो सापडणे अवघड आहे. फुफ्फुसात नेमका कोणता जंतू आहे, हे एक्स-रे सांगत नाही. त्यासाठी बेडका किंवा रक्त प्रयोगशाळेत ठेवून जंतू वाढवावा लागतो. त्याला कल्चर म्हणतात. पण बहुतेक रुग्ण रुग्णालयात येण्याआधीच एखादे प्रतिजैविक घेऊन आलेले असतात. मग कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. शिवाय न्युमोकोकसमुळे झालेल्या बहुतांश न्युमोनियात जिवाणू रक्तात उतरतच नाही, त्यामुळे रक्ताचे कल्चर करूनही तो हाती लागत नाही. लघवीतून या जिवाणूचा अंश ओळखणारी चाचणी आहे आणि तिचा निकाल लवकर मिळतो, पण ती सगळीकडे होत नाही.

सुसज्ज रुग्णालयांतही किती अडचण येते, याचे उदाहरण म्हणजे शिकागो आणि नॅशविल येथील रुग्णालयांत सीडीसीने केलेला अभ्यास. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. न्युमोनियासाठी दाखल झालेल्या आणि एक्स-रेने खात्री पटलेल्या २,३२० प्रौढांच्या रक्त, लघवी, बेडका, नाक-घशातील स्राव अशा अनेक चाचण्या झाल्या. तरीही ६२ टक्के रुग्णांत कोणताच जंतू सापडला नाही. जिवाणूंमध्ये सर्वाधिक सापडला तो न्युमोकोकसच, पण फक्त पाच टक्के रुग्णांत. हे पाच टक्के खरे प्रमाण नव्हे, तर किमान सिद्ध झालेले प्रमाण आहे. शिवाय त्या देशात तोवर मुलांचे लसीकरण सुरू होऊन दीड दशक होत आले होते.

आपल्याकडे डिस्चार्ज कार्डवर ‘न्युमोनिया’ एवढेच लिहिले जाते. कारण लिहिलेले नसते म्हणून ते मोजले जात नाही. मोजले जात नाही म्हणून धोरणात येत नाही. आणि धोरणात नाही म्हणून चाचणीवर खर्च होत नाही. प्रौढांच्या लसीकरणाचा विषय मागे पडण्याचे एक मोठे कारण या चक्रात आहे.

बाजारात कोणत्या लशी आहेत? फरक काय?

ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार पॉलिसॅकराइड लस, म्हणजे पीपीएसव्ही२३. हिच्यात २३ उपप्रकारांच्या आवरणांतील साखर थेट वापरलेली असते. शरीर प्रतिपिंडे तयार करते, पण दीर्घकाळ टिकणारी आठवण तयार होत नाही. त्यामुळे संरक्षण काही वर्षांत ओसरते. दोन वर्षांखालील बाळांत तर ही लस नीट कामच करत नाही.

दुसरा प्रकार कॉन्जुगेट लस, म्हणजे पीसीव्ही. हिच्यात तीच साखर एका प्रथिनाला जोडलेली असते. प्रथिनामुळे रोगप्रतिकारक यंत्रणेतील टी-पेशीही कामाला लागतात आणि आठवण तयार होते. ही लस नाक-घशातील जिवाणूचा मुक्कामही कमी करते. म्हणजे लस घेतलेला माणूस स्वतः वाचतोच, शिवाय दुसऱ्याला संसर्ग देण्याची शक्यताही घटते.

अमेरिकेत २००० साली सात उपप्रकारांची पीसीव्ही मुलांसाठी आली. २०१० मध्ये १३, २०२१ मध्ये १५ आणि २० आणि २०२४ मध्ये खास प्रौढांसाठी २१ उपप्रकारांची लस मंजूर झाली. भारतात पीसीव्ही१३ आणि पीपीएसव्ही२३ या प्रौढांसाठी आधीपासून उपलब्ध होत्या. पीसीव्ही२० ही २०२५ मध्ये दाखल झाली.

व्यवहारात याचा अर्थ असा. पीसीव्ही२० घेतली तर एकच डोस पुरतो. पीसीव्ही१३ घेतली तर तिच्यानंतर पीपीएसव्ही२३ घेण्याचा सल्ला दिला जातो, साधारणपणे वर्षभराने. प्रतिकारशक्ती खूपच कमी असलेल्यांना हे अंतर आठ आठवड्यांपर्यंत कमी करता येते. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, ही तशी नाही. दोन्ही लशी एकाच दिवशी वेगवेगळ्या दंडांवर घेता येतात.

लस प्रत्यक्षात किती काम करते?

याचे सर्वात भक्कम उत्तर नेदरलँड्समधून आले आहे. ‘कॅपिटा’ नावाच्या चाचणीत ६५ वर्षे आणि त्यावरील ८४,४९६ नागरिकांचे दोन गट केले गेले. निम्म्यांना पीसीव्ही१३ आणि निम्म्यांना निष्क्रिय द्रवाचे इंजेक्शन दिले गेले. सुमारे चार वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ही चाचणी लस बनवणाऱ्या फायझर कंपनीच्या पैशावर झाली होती, हेही सांगायला हवे.

लशीत समाविष्ट उपप्रकारांमुळे होणारा न्युमोनिया लस न घेतलेल्या गटात ९० जणांना झाला, तर लस घेतलेल्यांत ४९ जणांना. म्हणजे घट सुमारे ४६ टक्के. रक्तापर्यंत पोहोचणाऱ्या गंभीर संसर्गात फरक आणखी ठळक होता, २८ विरुद्ध ७. म्हणजे ७५ टक्के संरक्षण.

आता याच आकड्यांची दुसरी बाजू. प्रत्येक गटात सुमारे ४२ हजार लोक होते आणि टळलेले न्युमोनिया ४१. म्हणजे चार वर्षांत असा एक न्युमोनिया टाळण्यासाठी साधारण हजार जणांना लस द्यावी लागली. सर्व कारणांनी होणारा न्युमोनिया लक्षणीय घटला नाही आणि एकूण मृत्यूंमध्येही फरक दिसला नाही. ‘लस घेतली की न्युमोनिया होणारच नाही’ असे कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. विषाणू, इतर जिवाणू आणि क्षयरोग यांच्यापासून ही लस वाचवत नाही.

पण हा हिशेब ज्या लोकसंख्येचा आहे तीही पाहायला हवी. हे बहुतेक निरोगी, सुस्थितीतले डच नागरिक होते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना चाचणीत घेतलेच नव्हते. त्यांच्या देशात मुलांनाही आधीपासून पीसीव्ही मिळत होती. ज्या गटात मुळातच धोका जास्त आहे, तिथे तेवढ्याच परिणामकारकतेची लस अधिक आजार टाळते. म्हणूनच ‘सर्वांना द्यावी का’ यापेक्षा ‘आधी कोणाला द्यावी’ हा प्रश्न भारतासाठी जास्त कामाचा आहे.

मुलांना लस मिळते, मग मोठ्यांना आपोआप फायदा होत नाही का?

होतो, पण पूर्ण नाही. अमेरिकेत मुलांचे लसीकरण सुरू झाल्यावर लस न घेतलेल्या वयस्कर माणसांतही लशीतील उपप्रकारांचे गंभीर संसर्ग लक्षणीय घटले. नातवंडांच्या नाकातून जिवाणू गेला म्हणून आजी-आजोबा वाचले.

भारताने पीसीव्ही २०१७ पासून काही राज्यांत टप्प्याटप्प्याने सुरू केली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ती देशभर नेली. बाळाला दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा वयात तीन डोस मिळतात. या वाटचालीत पुण्याचा वाटा मोठा आहे. सीरम इन्स्टिट्यूटने ‘पाथ’ ही संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांच्या सहकार्याने ‘न्युमोसिल’ ही दहा उपप्रकारांची लस विकसित केली. डिसेंबर २०२० मध्ये ती भारतात दाखल झाली. गरीब देशांना लशी पुरवणाऱ्या ‘गावी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेला ती सुरुवातीला दोन डॉलर प्रति डोस या दराने देऊ केली गेली. ही लस स्वस्तात बनू शकते हे त्यातून सिद्ध झाले.

पण मुलांच्या लशीने मोठ्यांचा प्रश्न का सुटत नाही, याची दोन कारणे आहेत. एक, मुलांसाठीच्या लशीतले उपप्रकार मुलांतील आजार पाहून निवडलेले असतात. उदाहरणार्थ, प्रौढांत त्रासदायक ठरणारा उपप्रकार ३ न्युमोसिलमध्ये नाही. दोन, लशीतले उपप्रकार मागे हटले की रिकाम्या जागेत दुसरे शिरतात. ब्रिटनमध्ये पीसीव्ही१३ नंतर लशीबाहेरच्या उपप्रकार ८ चे संसर्ग वाढले. त्यामुळेच खास प्रौढांसाठी जास्त उपप्रकारांच्या लशी बनवाव्या लागत आहेत.

भारतात प्रौढांपर्यंत लस किती पोहोचली आहे?

जवळजवळ नाहीच. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत ४५ वर्षांवरील हजारो लोकांना लसीकरणाबद्दल विचारले गेले. त्या माहितीच्या विश्लेषणानुसार न्युमोकोकल लस घेतलेल्यांचे प्रमाण ०.६ टक्के होते. म्हणजे हजारात सहा. फ्लूची लस घेतलेले १.५ टक्के होते. अमेरिकेत ६५ वर्षांवरील साधारण दोन तृतीयांश लोकांनी न्युमोकोकल लस घेतलेली आहे.

हा फरक जागरूकतेपेक्षा व्यवस्थेचा आहे. अमेरिकेत ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना ‘मेडिकेअर’ या लशीचा खर्च १९८१ पासून करते. ब्रिटनने २००३ पासून टप्प्याटप्प्याने ६५ वर्षांवरील सर्वांना ती मोफत दिली. जपानने ऑक्टोबर २०१४ पासून ज्येष्ठांच्या नियमित लसीकरणात तिचा समावेश केला. अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने तर ऑक्टोबर २०२४ मध्ये शिफारशीचे वय ६५ वरून ५० वर आणले.

भारतात डॉक्टरांच्या विविध तज्ज्ञ संघटना ज्येष्ठांना आणि जुन्या व्याधी असलेल्यांना ही लस घेण्याची शिफारस करतात. पण शिफारस कागदावर आहे आणि लस खासगी दवाखान्यात. प्रौढांसाठीच्या पीसीव्हीचा डोस काही हजार रुपयांना पडतो. निवृत्तिवेतन नसलेल्या, औषधांवरच महिन्याला हजार-दोन हजार खर्च करणाऱ्या घरात हा खर्च ‘पुढच्या महिन्यात बघू’ या यादीत जातो.

यात एक विसंगतीही आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. या योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत. म्हणजे न्युमोनियाने माणूस अतिदक्षता विभागात गेला तर सरकार लाखभर रुपये भरायला तयार आहे. तो तिथे जाऊ नये म्हणून काही हजारांची लस द्यायची सोय मात्र त्यात नाही.

सगळ्यांना मोफत लस देणे परवडेल का?

सरसकट, लगेच देणे कठीण आहे. २०११ च्या जनगणनेत ६० वर्षांवरील नागरिक १० कोटींहून अधिक होते, त्यानंतर संख्या वाढलीच आहे. समजा घाऊक खरेदीत एक डोस हजार रुपयांना मिळाला, तरी १० कोटी लोकांसाठी खर्च १० हजार कोटी रुपये होतो. क्षयरोग, रक्तदाब, मधुमेह अशा इतर गरजा समोर असताना हा निर्णय सोपा नाही.

म्हणूनच सुरुवात कुठून करायची हे महत्त्वाचे. आणि त्याचे उत्तर रुग्णालयाच्या दारातच आहे. अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने १९९७ मध्येच एक निरीक्षण नोंदवले होते. गंभीर न्युमोकोकल आजार झालेल्यांपैकी दोन तृतीयांश लोक त्याआधीच्या तीन ते पाच वर्षांत कोणत्या ना कोणत्या कारणाने रुग्णालयात दाखल झालेले होते. पण त्यातल्या फार थोड्यांना लस मिळाली होती. म्हणजे पुढे कोणाला धोका आहे, ते लोक आधीच रुग्णालयात येऊन गेलेले असतात. कोणी हृदयविकारासाठी, कोणी साखर वाढली म्हणून, कोणी दम्यासाठी. त्यांना शोधायला घरोघरी जावे लागत नाही.

त्या देशाने यावर काढलेला उपाय साधा होता. डॉक्टरांच्या आठवणीवर न विसंबता रुग्णालयांनी कायमस्वरूपी सूचना ठेवायची. निकषांत बसणाऱ्या रुग्णाला डिस्चार्जपूर्वी परिचारिकेने विचारायचे आणि लस द्यायची. प्रत्येक वेळी डॉक्टरच्या वेगळ्या सहीची अट २००२ मध्ये काढून टाकण्यात आली. न्युमोनियाच्या रुग्णांना लस विचारली गेली का, हा रुग्णालयाच्या दर्जाचा एक निकषही काही काळ होता.

आपल्याकडे हे अशक्य नाही. कोविडच्या काळात १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील नागरिक रांगा लावून लस घेत होते. प्रौढ माणूस लस घ्यायला येत नाही, हा समज तेव्हाच मोडला. जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल होणाऱ्या, सर्वाधिक धोका असलेल्या रुग्णांपासून सुरुवात केली, तर संख्या आवाक्यात येते. विमा योजनेच्या पॅकेजमध्येच डिस्चार्जवेळच्या लशीचा खर्च धरला, तर वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. आणि त्या निमित्ताने किती न्युमोनिया न्युमोकोकसचे, याची नोंदही सुरू होऊ शकते.

तोपर्यंत तुम्ही काय करू शकता?

घरात ५० वर्षांवरील, त्यातही ६५ वर्षांवरील कोणी असेल, किंवा वर दिलेल्या आजारांपैकी एखादा असेल, तर पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना थेट विचारा, ‘न्युमोकोकल लस घ्यावी का आणि कोणती?’ आधी घेतली असेल तर लशीचे नाव आणि तारीख लिहून ठेवा, कारण पुढचा डोस त्यावर ठरतो.

न्युमोनिया होऊन गेला असला तरी लस घेता येते. एका उपप्रकाराचा आजार झाल्याने बाकीच्यांपासून संरक्षण मिळत नाही. ताप आणि तीव्र आजार ओसरला की डिस्चार्जच्या वेळी किंवा पहिल्या फेरतपासणीत विषय काढा. प्लीहा काढण्याची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर लस शक्यतो किमान दोन आठवडे आधी घ्यावी. केमोथेरपीआधीही हे विचारून घ्या.

दंड दुखणे, थोडा ताप, थकवा हे नेहमीचे दुष्परिणाम एक-दोन दिवसांत जातात. आधीच्या डोसला किंवा लशीतील घटकांना तीव्र अ‍ॅलर्जी झालेली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

बजेट मर्यादित असेल तर कोणता पर्याय आधी घ्यावा, हे विचारायला संकोच करू नका. पीपीएसव्ही२३ ही तुलनेने स्वस्त असते. सोबत फ्लूची वार्षिक लस, साखरेवर नियंत्रण आणि तंबाखू-धूम्रपान बंद, या तीन गोष्टीही न्युमोनियाचा धोका कमी करतात. आणि घरातल्या बाळाचे पीसीव्हीचे तिन्ही डोस पूर्ण झाले आहेत का, हे त्याच्या लसीकरण कार्डवर तपासा. त्यातून घरातल्या मोठ्यांनाही थोडे संरक्षण मिळते.

वयस्कर माणूस अचानक गोंधळला, धाप लागली, ओठ निळसर दिसू लागले किंवा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ च्या खाली जात राहिला, तर घरात ठेवून प्रतिजैविक सुरू करू नका. थेट रुग्णालय गाठा आणि जाण्याआधी कोणती गोळी दिली होती, हे डॉक्टरांना नावानिशी सांगा.